शाळेच्या कारभारास लायक कोण?

मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे त्या शहराच्या शाळांना लोकांनी निवडून दिलेला वाली नव्हता. प्रशासक होते, शिक्षणाधिकारी होते, अंदाजपत्रके दरसाल होत होती. २०२५-२६ सालचे शिक्षणखात्याचे अंदाजपत्रक सुमारे ३,९५५ कोटी रुपयांचे होते. परंतु ह्या पैशाचा भर सभेत जाब विचारणारी शिक्षण समिती तेवढी नव्हती. जानेवारी २०२६ मध्ये एकदाची निवडणूक झाली आणि २२७ नगरसेवक निवडून आले. मतदाराने शिक्षण समिती थेट निवडायची नसते. नगरसेवक निवडायचा, आणि मग पक्षांनी आपापल्या संख्याबळाप्रमाणे समितीवर माणसे धाडायची. शिवाय प्रत्येक शाळेची निराळी व्यवस्थापन समिती असते, ती पालकांच्या सभेत निवडली जाते. म्हणजे शाळेच्या कारभारावर कोण बसावे हा प्रश्न आता परळ-लालबागच्या माणसापुढे दोनदा येतो, एकदा मतपेटीशी आणि एकदा शाळेच्या दिवाणखान्यात.

आम्ही खेड्यातले शिक्षक. मुंबईच्या शाळांची उठाठेव आम्हास कशाला, असे कोणी विचारील. आमच्या शाळेत चौथी झालेली पोरे आईबापांबरोबर मुंबईस जातात आणि लालबाग, शिवडी, वरळी येथील पालिकेच्या शाळांत बसतात. त्यांचे दाखले आमच्याच हातचे असतात. तेव्हा ती पोरे ज्यांच्या हाती जातात ते हात कसे आहेत, हे पाहण्याचा आम्हास थोडाबहुत हक्क आहे असे आम्ही समजतो.

निवडणूक आली की गिरगाव-दादरच्या सुशिक्षित मंडळींत एक तक्रार हटकून ऐकू येते. शिक्षणाच्या कामी तरी निदान पदवीधर असावेत. जे स्वतः शिकले नाहीत ते शाळा काय चालवणार? बोलणे वरवर मोठे सरळ दिसते. परंतु ह्या सरळ बोलण्याचा इतिहास आमच्या समाजाला चांगला पाठ आहे. तेली-तांबोळी, कुणबी-वाणी कौन्सिलात जाऊन काय करणार, असा सवाल लोकमान्य टिळकांनी अथणीच्या सभेत केला, तोही लायकीचाच सवाल होता. मुंबईत तर ही लायकी रुपयांत मोजली जात होती. १९२२ च्या सुधारणेने दरमहा १० रुपये भाडे भरणाऱ्यास महापालिकेचे मत मिळाले. गिरणगावातील एका खोलीचे भाडे बहुधा त्याहून कमी, म्हणून खोलीतला गिरणीकामगार मतदार नव्हे. पुढे १९२५ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण आधी कोठे सुरू झाले? एफ आणि जी विभागांत, म्हणजे परळ, दादर, वरळी ह्या कामगारांच्या बाजूस. सक्ती चांगलीच होती. आमचा तिला विरोध असण्याचे कारण नाही. पण पोर शाळेत न धाडल्यास ज्या बापावर हुकूम सुटावयाचा, त्यातल्या कित्येकांना तो हुकूम काढणारे सभासद निवडण्याचा अधिकार नव्हता. प्रौढ मतदानाने पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. लायकीची चाळण कोणी कोणासाठी विणली होती हे ह्यावरून समजून येईल.

त्याच काळी परळच्या बी.आय.टी. चाळीत राहणाऱ्या एका बॅरिस्टराने ह्या चाळणीचे पितळ उघडे पाडले. सायमन कमिशनच्या निमित्ताने मुंबई इलाख्याच्या राज्यकारभाराविषयी १७ मे १९२९ रोजी दिलेल्या स्वतंत्र अहवालात डॉ. आंबेडकरांनी असा मुद्दा मांडला की निरक्षर माणूस बुद्धिहीन असतोच असे नाही, आणि अक्षरओळख झाली म्हणून शहाणपण येतेच असेही नाही. ज्यांना निरक्षर ठेवले त्यांनाच त्या निरक्षरतेपायी मत नाकारणे म्हणजे एका अन्यायावर दुसरा अन्याय, हेही त्यांनी बजावले. हे लिहिणारा गृहस्थ स्वतः परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेऊन आला होता, ही गोष्ट पदवीचा तोरा मिरविणारांनी ध्यानात घ्यावी.

आता कोणी म्हणेल, ही जुनी रडगाणी झाली. तसे नाही. हरियाणा सरकारने २०१५ साली पंचायतीच्या उमेदवारास शिक्षणाची अट घातली. सर्वसाधारण पुरुषास दहावी, स्त्रियांस आणि दलित पुरुषांस आठवी, दलित स्त्रीस पाचवी. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी ती अट कायम केली. राजस्थानानेही तशीच अट घातली होती, ती २०१९ साली काढून टाकली. आपल्या महाराष्ट्रात २०१७ साली सरपंचास सातवी पास असण्याची अट आली, पण ती १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांपुरती. तिघांत हीच त्यातल्या त्यात माणुसकीची म्हणावी, कारण ज्या पिढीच्या दारी शाळा पोचलीच नाही तिला ती दंड करीत नाही. तरीपण ज्याची सातवी हुकली ती सरकारच्या शाळेने हुकवली असेल तर बाद कोणी व्हावे, शाळेने की मुलाने, हा प्रश्न तेथेही उरतोच. नगरसेवकास अशी अट नाही. त्याने शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हे ह्यांचे प्रतिज्ञापत्र भरावयाचे, आणि वाचावयाचे आपण. तेवढेच योग्य आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण येथवर वाचून माना डोलावणाऱ्या आमच्या बांधवांना पुढचे बोलणे तितके गोड लागणार नाही.

शाळेच्या कारभाऱ्याची लायकी पाहू नये असे आमच्या कोणत्याही पुढाऱ्याने सांगितलेले नाही. जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले त्यात शिक्षकाचा पगार किमान बारा रुपये आणि मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा हे आहे. ते आम्ही शिक्षक मोठ्या आवडीने सांगतो. पण त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. मोठ्या शहरांतील म्युनिसिपालिट्यांनी प्राथमिक शाळांचा खर्च द्यावा, पण शाळांचा कारभार सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, असे जोतीराव म्हणतात. आणि लोकल फंडाच्या मंडळ्यांवर बसलेले पाटील, इनामदार, सरदार हे बहुतेक अडाणी असून पैशाच्या विनियोगावर जाणतेपणाने देखरेख करण्यास असमर्थ आहेत, असेही म्हणतात. वाचकहो, पाटील कोण होते? बहुतेक आपलेच होते. जोतीरावांनी त्यांना आपले म्हणून सूट दिली नाही.

हे डॉ. आंबेडकरांच्या म्हणण्याच्या उलट आहे काय? आम्हास तसे वाटत नाही. एकाने मत आणि जागा मिळण्याचा दरवाजा सर्वांस उघडा असावा म्हटले. दुसऱ्याने त्या दरवाज्यातून आत बसलेला माणूस पैशाकडे डोळे उघडे ठेवून पाहतो की नाही ते तपासले. जोतीरावांनी पाटलाजवळ पदवी मागितली नाही, देखरेख मागितली. आणि आपण आज देखरेख मागतो काय? आपण मागतो वही!

होय, वही. जून महिना आला की लालबाग-परळच्या गल्ल्यांतून वह्यावाटपाचे मांडव पडतात. वहीच्या वरच्या पानावर भावी उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, मागच्या पानावर त्याच्या साहेबांचा. पोर शंभर पानांची वही घेऊन घरी येते आणि आई म्हणते, माणूस चांगला आहे हो, मुलांच्या शिक्षणाची कळकळ आहे. बाईचा दोष नाही. पण हिशेब पाहा. पालिकेच्या शाळेतल्या मुलाला गणवेश, दप्तर, वह्या अशा सत्तावीस वस्तू पालिकेच्या पैशाने, म्हणजे आपल्याच पैशाने, मिळावयाच्या असतात. त्या शाळा उघडून महिने लोटले तरी हाती पडत नाहीत, ही ओरड अनेक वर्षांची आहे. जो गृहस्थ समितीवर बसून त्या वस्तूंचा ठेका वेळेवर निघाला का, मालाचा कस पाहिला का, एवढे दोन प्रश्न विचारील, त्याच्या फोटोची वही घरात नसली तरी चालेल. आणि जो ते विचारीत नाही त्याच्या वहीने काय साधले? आपल्याच पैशाची पोळी उशिरा मिळाली म्हणून त्याने दिलेल्या तुकड्याला आपण दान म्हटले. बरे, हा दाता बहुतेक वेळा आपल्याच जातीचा, आपल्याच तालुक्याचा, आपल्याच गणपतीच्या मंडळाचा असतो. तेवढ्यावर त्याची परीक्षा संपते!

पदवीवाचून लायकी कशी असते ह्याचा दाखला शोधावयास लांब जाण्याचे कारण नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे पदवीधर नव्हते, गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेले गृहस्थ. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांची सभा भरविली, तेव्हा जुलूम होतो असे मोघम गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले नाही. आठवड्यास एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, कामावर इजा झाल्यास भरपाई, अशा मोजक्या मागण्या लिहिल्या आणि साडेपाच हजार सह्या जोडल्या. ज्याला कामाची खडान्खडा माहिती आहे, जो ती कागदावर मांडू शकतो आणि वरिष्ठापुढे वाचताना ज्याचा आवाज कापत नाही, तो लायक. लिहिता येत नसेल तर लिहिणारा मिळतो. माहिती आणि आवाज मात्र उसना मिळत नाही.

तेव्हा पालकाने शाळेच्या सभेत काय विचारावे? पहिली गोष्ट, तुझी पोरे कोठे शिकतात. शाळेच्या समितीवर पालक घ्यावयाचा तो कायद्यानेच त्या शाळेतील मुलाचा असतो, पण शिक्षण समितीवर जाणाऱ्या नगरसेवकास कोण विचारतो? अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०१५ रोजी, सरकारी नोकरांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत, असा हुकूम उत्तर प्रदेशास दिला होता. तो कागदावरच राहिला. आम्ही तशी सक्ती मागत नाही. पोर इंग्रजी शाळेत असले म्हणून माणूस नालायक ठरत नाही, पण मग पालिकेच्या शाळेचे संडास त्याने शेवटचे कधी पाहिले, एवढे त्याने सांगावे. इमारत धोकादायक ठरवून मुलांस दुसऱ्या शाळेत हलवितात, तेव्हा पुन्हा बांधून देण्याची तारीख त्याने लेखी मागितली होती काय? १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळी ओसरल्या, मराठी शाळांचे पट खाली आले. आता त्या शाळांच्या जागेला सोन्याचा भाव आहे. पट कमी झाला म्हणून शाळा दुसरीत मिसळण्याचा ठराव जेव्हा येईल, तेव्हा हा सभासद मुलांकडून बोलणार की जमिनीकडून, हे आधी कळले पाहिजे. वर्गावर शिक्षक किती, हेही विचारावे. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकास जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ह्या कामांसाठी वर्गाबाहेर काढण्यास मोकळीक देते, आणि मतदारयाद्यांच्या कामी शिक्षक महिनेच्या महिने हिंडतात. शिक्षणाविषयी भाषणे देणाऱ्या उमेदवाराचे मत मोजण्यासाठी शिक्षण बंद ठेवावे लागते, ही गंमत आम्ही खेड्यातही पाहतो.

शाळेच्या व्यवस्थापन समितीविषयी दोन शब्द. त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिचे चारांपैकी तीन सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. इतका अधिकार ह्या देशात गरिबांस दुसऱ्या कोठल्या कमिटीत दिलेला आमच्या पाहण्यात नाही. शाळेचा विकास आराखडा करणे आणि आलेल्या पैशाच्या खर्चावर नजर ठेवणे हे तिचे काम. प्रत्यक्षात काय होते? मुख्याध्यापकास सोयीचे पडतील असे चार पालक धरून आणतात, आणि पुढे वहीवर सह्या घ्यावयास शिपाई घरी जातो. भाजी विकणारी किंवा घरकाम करणारी बाई सभेत नाव पुकारल्यावर म्हणते, मला काय समजतंय, मास्तरांनाच ठेवा. तिला काय समजत नाही? खिचडी कोणत्या दिवशी करपली, नळाला पाणी कधी आले नाही, पाचवीतल्या पोराला जोडाक्षर का वाचता येत नाही, हे तिच्याइतके त्या सभेत कोणास ठाऊक असते? पाच रुपयांच्या जुडीचा हिशेब जी तोंडी करते तिला पन्नास हजारांच्या अनुदानाचा हिशेब कोणी समजून सांगितला तर कळणार नाही, असे मानणारा एकतर शिक्षक नव्हे किंवा त्याला तो हिशेब समजू द्यावयाचा नाही.

मात्र ह्या बाईला सभेस येता आले पाहिजे. पालकसभा बुधवारी सकाळी अकरास ठेवली की कामावर खाडा करून येणारा विरळा. मग गणपूर्ती झाली असे लिहून सोयीची नावे टिपली जातात. लोखंड्यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून गिरणीकामगारास रविवारची सुट्टी मिळाली. निदान समिती निवडावयाची ती पालकसभा रविवारी भरवावी, नोटीस आठ दिवस आधी मुलांच्या हाती घरोघर पाठवावी, आणि नावे सुचविण्यापूर्वी मागच्या समितीचे इतिवृत्त व खर्चाची वही मोठ्याने वाचून दाखवावी. परळ, लालबाग, शिवडीच्या पालकांनी एवढी लेखी मागणी आपापल्या मुख्याध्यापकांकडे शाळा उघडण्याच्या आठवड्यातच नेऊन द्यावी आणि नक्कल प्रतीवर पोच घ्यावी.