आडोशाला उभा राहिलेला मित्र

अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या वाटा आलापल्लीत एकत्र येतात. बाजारात मराठी, तेलुगू आणि माडिया या भाषा एकाच वेळी कानी पडतात. अशा गावच्या शाळेत मराठी वाचताना माडिया मुलगा अडखळला आणि वर्ग हसला, तर त्याच्या बाकावरच्या मित्राने काय करावे? बहुधा तो मान खाली घालतो. या खाली घातलेल्या मानेचे मोल खालिद हुसैनी यांच्या ‘द काइट रनर’ (२००३) या कादंबरीने दाखवून दिले आहे.

अमीर हा काबूलमधील धनाढ्य पश्तूनाचा मुलगा, तर हसन त्याच घरातील हजारा नोकराचा. दोघेही एकाच दाईच्या दुधावर वाढलेले. १९७५ च्या हिवाळ्यात अमीरने कापलेला पतंग आणण्यासाठी धावलेल्या हसनला दांडगट आसिफ गल्लीत गाठतो आणि त्याच्यावर अत्याचार करतो. अमीर आडोशाने ते पाहतो आणि पळून जातो.

बारा वर्षांच्या मुलाची भीती एकवेळ क्षम्य मानता येईल. परंतु त्या भीतीला अमीरच्या मनात एक सबब तयारच असते : हसन शेवटी हजाराच! भ्याडपणाला अशी सबब पूर्वग्रहच पुरवतो. पुढे हसनचे तोंड पाहणेही असह्य झाल्यावर अमीर त्याच्यावर चोरीचा आळ आणतो. ज्याच्यावर अन्याय केला, त्यालाच घराबाहेर पडावे लागते.

‘अफगाणिस्तानात असेच चालायचे,’ असे म्हणून पुस्तक मिटणे सोपे आहे. १९९८ मध्ये मजार-ए-शरीफ येथे तालिबानने हजारांची कत्तल केली, हे खरेच. पण अमीर तालिबानी नव्हता. तो सुशिक्षित घरातला, पुस्तके वाचणारा, सज्जन मुलगा होता. म्हणूनच ही कथा आपल्या घरांची आहे. वनवासी आपले बांधव, असे सभेत म्हणणारे आपण. पंगतीत ‘ते माडिया लोक’ म्हणून कोणी हसले, तर किती जण त्याला थांबवतात?

अमीरचे खरे प्रायश्चित्त काबूलला परतून हसनच्या मुलाला सोडवण्यापाशी संपत नाही. अमेरिकेत जेवणाच्या टेबलावर सासरे त्या मुलाचा ‘हजारा पोरगा’ असा उल्लेख करतात, तेव्हा अमीर त्यांना ठामपणे बजावतो की त्या मुलाला नाव आहे, सोहराब. तिथे तो प्रथमच आडोशातून बाहेर येतो.

आलापल्लीच्या बाकावरील मुलालाही नाव आहे. ते नाव वर्ग हसत असताना उच्चारण्याचे धैर्य आपली मुले आपल्या घरातच शिकतील. किंवा मान खाली घालणेही तिथेच शिकतील.