पैनगंगेवरील नौकाविहार : आधी पाणी, मग पर्यटन

यवतमाळ जिल्ह्यात नौकाविहाराचा विषय निघाला की पैनगंगा आठवते. इसापूर धरणाचा विस्तीर्ण जलाशय, काठचे सागवन आणि सहस्रकुंडचा धबधबा पर्यटकांना खुणावतात. मात्र धरणाखालील पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते आणि उमरखेड परिसरातील गावांना पिण्यासाठी पाणी सोडण्याची मागणी करावी लागते. त्यामुळे बारमाही नौकाविहार जलाशयातच शक्य आहे. तेथे खरा प्रश्न सुरक्षिततेचा. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. मे २०२४ मध्ये वादळी वाऱ्यात उजनी जलाशयाने सहा बळी घेतले. जीवरक्षक जाकिटे, प्रवासीमर्यादा व हवामानाचा इशारा यांची सक्ती नसेल, तर नावा काठावरच राहिलेल्या बऱ्या.