पपई बंद, ट्यूब चालू

गोव्यात लग्न होऊन चार महिने झाले की मुलीला उपदेश सुरू होतात. पपई नको, अननस नको, तीळ उष्ण. (पिकलेल्या पपईने काही बिघडत नाही, पण ते ऐकतो कोण!) 'काय, गोड बातमी?' हा प्रश्न तर जत्रेच्या गर्दीतही चुकत नाही. मात्र त्याच मुलीच्या आरशासमोरची गोरेपणाची ट्यूब कुणाला दिसत नाही. उलट लग्नाआधी ती आणून देणारी बहुधा घरचीच मावशी किंवा आत्या असते. माझा राग आहे तो ह्यावर.

ही ट्यूब म्हणजे साधी स्नो-पावडर नव्हे. फार्मसीत 'गोरं व्हायची क्रीम' म्हणून जी मिळते तिच्यात पुष्कळदा तीन औषधे एकत्र असतात : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखे स्टेरॉइड. वांगाच्या डागांवर, डॉक्टरच्या नजरेखाली, थोडे आठवडे लावायचे हे औषध. आपण ते वर्षानुवर्षे चोपडतो. हायड्रोक्विनोन लावले की त्यातले ३५ ते ४५ टक्के शरीरात शोषले जाते. ट्रेटिनॉइन अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातले. त्याच घराण्यातली आयसोट्रेटिनॉइनची गोळी, मुरुमांवर देतात ती, गर्भात गंभीर व्यंगे निर्माण करते. ती थांबवून निदान महिना उलटेपर्यंत दिवस राहू देऊ नयेत असा दंडक आहे. मलमातून शरीरात जाणारे ट्रेटिनॉइन फारच थोडे, आणि त्याने व्यंग येते असे सिद्ध झालेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरी डॉक्टर ते बंदच करायला सांगतात. गोरे दिसण्यासाठी एवढाही धोका का घ्यायचा?

'दिवस राहिले की बंद करू' म्हणणाऱ्यांसाठी : गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे चार आठवड्यांत बंद होते. पाळी चुकल्याचे कळेपर्यंत त्यातले दोन आठवडे गेलेले असतात.

२०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर चिठ्ठी मागताना मी तरी फारसे कुणाला पाहिलेले नाही.

बिनलेबलच्या, आखातातून कुणाच्या तरी बॅगेतून येणाऱ्या डब्यांची गोष्ट ह्याहून वाईट. त्यांत पारा असू शकतो. २०२३ साली केरळात मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीम लावणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडल्याचे उघडकीस आले. पारा वारेतून थेट गर्भापर्यंत जातो आणि क्रीम थांबवली तरी शरीरातून निघायला महिने घेतो.

'मग घरगुती, नैसर्गिकच बरे' हे पालुपदही मला मान्य नाही. बाजारातल्या कित्येक सुरम्यांत शिसे असते. ते हाडांत साठते आणि गरोदरपणात बाळाकडे पोचते. नैसर्गिकच आहे की!

म्हणून सगळेच फेकायला नको. झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन चालते, मुरुमांवर अझेलाइक अ‍ॅसिड चालते. बाकी ट्यूबवरचे बारीक अक्षर वाचता येत नसेल तर ट्यूबच पर्समध्ये टाकून डॉक्टरीणबाईंकडे न्या. दिवस राहण्याच्या तीनेक महिने आधी, मावशीलाही बरोबर घेऊन.