मरळीच्या अंगावर व्रण. नोंद कोण घेणार?

पावसाळा सरून थंडी सुरू झाली की मरळ माशासाठी धोक्याचा काळ येतो. अंगावर लाल चट्टे, मग खोल व्रण आणि सुस्तपणे पाण्यावर तरंगणारे मासे दिसले, तर 'ईयूएस' या साथीच्या व्रणरोगाची शंका घ्यायला हवी. तलावांचा जिल्हा असलेल्या गोंदियात हा प्रश्न थेट ढिवर कुटुंबांच्या पोटाचा आहे.

रोग कशामुळे होतो?
अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हाडन्स हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव त्याला कारणीभूत असतो. त्याचे बीजाणू पाण्यातून पसरतात आणि इजा झालेल्या त्वचेतून आत शिरतात. गार पाण्यात माशाची प्रतिकारशक्ती मंदावते. १९८८ मध्ये हा रोग ईशान्य भारतात आढळला आणि पुढे देशात पसरला. मरळ त्याला सहज बळी पडते; तिलापिया, कॉमन कार्प सहसा तग धरतात.

मासे खावेत का?
हा रोग माणसाला होत नाही. मात्र व्रणांत इतर जिवाणू वाढतात, त्यामुळे असा मासा विकू वा खाऊ नये. निरोगी मासा नीट शिजवून खायला हरकत नाही. हा फरक ग्राहकाला कळला नाही, तर चांगल्या माशालाही भाव मिळत नाही.

औषध आहे, मग अडचण काय?
भुवनेश्वरच्या 'सीफा' संस्थेने 'सिफॅक्स' हे औषध तयार केले आहे. एक हेक्टर क्षेत्रातील एक मीटर खोल पाण्याला १ लिटर लागते. शेततळ्यात ते जमते. पण २० हेक्टरच्या, दोन मीटर खोल मामा तलावाला ४० लिटर लागेल. इटियाडोहसारख्या जलाशयात तर ते शक्यच नाही.

म्हणूनच रोग लवकर कळणे हाच खरा उपाय. केंद्राने जून २०२३ मध्ये 'रिपोर्ट फिश डिसीज' हे अ‍ॅप आणले. पण तलावात आपोआप वाढणारी मरळ मेली, तर मत्स्यबीजाच्या हिशेबात ती दिसत नाही. मत्स्यव्यवसाय विभागाने दर हिवाळ्यात मच्छीमार संस्थांकडून अशा माशांची नोंद घ्यावी, नमुने तपासावेत आणि निकाल गावात सांगावा. संस्थांनीही एका तलावातील जाळे उन्हात कडक वाळवल्याशिवाय दुसऱ्या तलावात टाकू नये.

पाळलेल्या माशाचे नुकसान मोजले जाते. रानमाशाचेही मोजले गेले पाहिजे.