बोट घेतली, पण धार कोण बघणार?

गोदावरीला पूर आला की नाशिककरांची नजर दुतोंड्या मारुतीकडे जाते. पाणी मूर्तीच्या कुठवर चढले, त्यावरून सराफ बाजार आणि भांडी बाजारातील दुकानदार माल वरच्या मजल्यावर न्यायचा की नाही ते ठरवतात. सप्टेंबर 2008, ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 चे पूर कोणी व्यापारी विसरलेला नाही. हेच पाणी पुढे निफाड तालुक्यात जाऊन चांदोरी आणि सायखेडा या गावांना वेढते. तेथे मालाचा नव्हे, माणसे बाहेर काढण्याचा सवाल असतो आणि ते काम बोटीने होते. कापडाच्या व्यापाऱ्याने बोटीच्या मोटरीवर लिहावे याचे वाचक बंधूंना नवल वाटेल, म्हणून एवढा खुलासा.

2015 नंतरचा सिंहस्थ 2027 चा. अशा वेळी नदीसाठी बोटी खरेदी होतात. यादीत बोट येईल, मोटर येईल, लाइफ जॅकेट येतील. माझे म्हणणे इतकेच की मोटरीतील तळहाताएवढ्या रबरी पंख्याचा हिशेब त्या यादीत अगोदर धरावा.

बोटीच्या मागे लटकणाऱ्या आउटबोर्ड मोटरीला गाडीसारखा रेडिएटर नसतो. ती ज्या पाण्यात चालते तेच पाणी खालच्या जाळीतून ओढून घेते. आत इंपेलर नावाचा रबरी पंखा असतो. तो हे पाणी नळीवाटे वर इंजिनाकडे ढकलतो. इंजिनाभोवती फिरून पाणी बाहेर पडते आणि त्यातील थोडे एका बारीक छिद्रातून धारेसारखे उडत राहते. ही धार म्हणजे मोटरीची नाडी. चालवणाऱ्याने दर दोन मिनिटांनी मागे वळून ती बघायची असते.

आता आपली गोदावरी बघा. नाशिकच्या खाली पाणवेलींचे गालिचे पसरतात, पुराबरोबर वाहत जाऊन सायखेड्याच्या पुलाला अडतात. सोबत प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्य आणि गाळ. यातील काहीही जाळीवर बसले की पाणी बंद आणि काही मिनिटांत इंजिन तापते. गंमत अशी की मोटर बंद केली की ओढ थांबते, पिशवी आपोआप सुटून वाहून जाते. मग किनाऱ्यावर कारागीर बघतो तर मोटरीत काहीच दोष नाही! दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मामला.

धार आटली तर घाबरून भर प्रवाहात मोटर बंद करू नये, कारण मोटरीविना बोट पाण्याच्या स्वाधीन होते. तसेच रेटतही नेऊ नये, पिस्टन धरला की ती मोटर त्या दिवसापुरती गेलीच. वेग कमी करावा, एखाद्या घराच्या किंवा झाडाच्या आडोशाला संथ पाण्यात जाऊन दोर बांधावा, मग मोटर बंद करून वर उचलावी आणि जाळी हाताने साफ करावी. जाळी साफ असेल तर धारेच्या छिद्रात बारीक तार घालून बघावी. पुष्कळदा गाळाने तेवढेच छिद्र बुजलेले असते आणि इंजिन थंडच असते. तरीही धार नसेल तर इंपेलर गेला असे समजावे. धार जोरात आहे आणि तरी इंजिन तापते, तर थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा आतील वाटा गाळाने भरल्या असतील. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडतो की नाही ते घरच्या घरी कळते. टू-स्ट्रोक मोटर असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल बरोबर मिसळले होते का, हेही विचारावे. आणि इंपेलरची पाती तुटली असतील तर प्रत्येक तुकडा शोधून काढावा. नवा इंपेलर बसवला आणि जुना तुकडा नळीत राहिला तर तो पुढे जाऊन पाणी अडवणारच.

मासेमारीची मोटर रोज चालते, म्हणून तिचा दोष रोज कळतो. पूरबचावाची मोटर मात्र वर्षातील बहुतेक दिवस कोरडी उभी असते. रबरी पाती एकाच बाजूला दुमडून राहतात, कडक होतात, आणि नेमक्या पुराच्या दिवशी दगा देतात. मालेगावचा कोणताही मागवाला सांगेल की चालू मागापेक्षा बंद माग जास्त खराब होतो. त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यापूर्वी पाहुण्यांसमोर जमिनीवरच मोटर सुरू करून दाखवण्याची हौस. पाण्याविना इंपेलर घासतो आणि थोड्याच वेळात जळतो. टाळ्या मिळतात, पंखा जातो.

मागाचा पिकर तुटला तर माग उभा राहतो, म्हणून शहाणा कारखानदार दोन पिकर पेटीत ठेवतो. इंपेलर, गॅस्केट, थर्मोस्टॅट यांची किंमत मोटरीपुढे नगण्य आहे. पण या वस्तू पुराच्या रात्री नाशिकच्या कोणत्या दुकानात मिळणार? खरेदीच्या वेळीच प्रत्येक मोटरीमागे त्यांचा एक संच आणि त्याच मॉडेलचे पुस्तक मागून घ्यावे. नकली रबराचा पंखा स्वस्त पडतो, तो नको.

आपल्या तरुणांनाही यात काम आहे. सातपूर, अंबडच्या गॅरेजांत टू-स्ट्रोक स्कूटर खोललेले हात अजून आहेत. त्यांपैकी दोघा-चौघांनी कोकणात एखाद्या बंदरावर जाऊन हंगामभर शागिर्दी केली तर जिल्ह्याला मुंबईच्या कारागिराची वाट बघावी लागणार नाही. वार्षिक देखभालीचे कंत्राट अशा माणसाला द्यावे, आणि बिल कागदावरच्या सहीवर नव्हे तर मे महिन्यात गंगापूर धरणाच्या पाण्यात मोटर अर्धा तास चालवून, धार बघून मंजूर करावे.