सही म्हणजे शपथ नव्हे

'घर पाहावे बांधून' अशी म्हण आपल्याकडे आहे. ज्यांना बांधणे परवडत नाही, त्यांच्यासाठी दलालांनी दुसरी वाट काढली आहे. दरमहा भाडे भरा, त्यातच हप्ता धरू, अमुक वर्षांनी खोली तुमच्या नावावर! ऐकायला गोड वाटते. पण स्टँपपेपर उलटून पाहावा, तर एक हप्ता चुकला की करार संपला, आजवर भरलेले सारे पैसे भाड्यात जमा आणि खोली खाली करायची. दुरुस्तीचा खर्च मात्र राहणाऱ्याचा, कारण तो म्हणे उद्याचा मालक!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे वस्तीतले काका-मावश्या असले कागद वाचायला माझ्याकडे आणतात. यातून सुटता येईल का, असे कोणी विचारत नाही. "सही करून बसलोय, आता शब्द कसा फिरवायचा?" एवढेच म्हणतात. माझ्या मते गरीब माणूस कायद्यात अडकतो त्याहून अधिक या शरमेत अडकतो.

कायदा इतका निष्ठुर नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार फसवून घेतलेली संमती फसलेल्याला रद्द करता येते (कलम १९). करारात दंड कितीही लिहिलेला असो, वाजवी भरपाईपेक्षा जास्त मागता येत नाही (कलम ७४). महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदलेला असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ती त्याने टाळली, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात.

मग अडते कुठे? अमेरिकेतील शिकागो शहराचे उदाहरण पाहा. तेथील कृष्णवर्णीयांना बँका कर्ज देत नसत, म्हणून ते अशाच हप्त्यांवर घरे घेत. लॉनडेल वस्तीतील क्लाइड रॉस यांनी १९६१ साली २७,५०० डॉलरला घर घेतले. विकणाऱ्याने तेच घर सहा महिन्यांपूर्वी १२,००० डॉलरला घेतले होते! फसलो तो मी एकटाच, असे समजून जो तो गप्प होता. १९६८ साली लोकांनी आपापले कागद एकमेकांपुढे ठेवले. त्यातून संघटना उभी राहिली, हप्ते रोखले गेले. काहींना घराबाहेर काढले, न्यायालयातले दावेही ते हरले; तरी अनेकांनी आपले करार नव्याने लिहून घेतले.

आपणही हप्ते एकदम बंद करावेत, असे मी म्हणत नाही. आधी पावत्या गोळा कराव्यात, चावी लेखी पोचेशिवाय देऊ नये आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठावे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तेथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातला एक दिवस वस्तीत बसून लोकांचे कागद वाचण्यासाठी का देऊ नये? ज्यांच्या अंगठ्यांवर आपण शिकलो, त्यांना तो अंगठा कशावर उठला हे सांगण्याइतके तरी आपले शिक्षण उपयोगी पडावे.