विश्लेषण : फेब्रुवारीत मोजलेली हिंगोली किती खरी?

फेब्रुवारीत वसमतच्या शिवारात हळदीची काढणी जोरात असते. कंद काढायला, शिजवायला, वाळवायला मजूर पुरत नाहीत, बाहेरून आणावे लागतात. त्याच दिवसांत सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरीच्या माळावरच्या तांड्यांत आणि वाड्यांत कितीतरी घरांना कुलूप असते. म्हातारी माणसे ओसरीवर बसलेली, आणि कोयता चालवणारी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात. देशाची जनगणनाही याच महिन्यात होते. २०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च आहे, म्हणजे माणसे मोजायचे काम फेब्रुवारीतच होणार. हिंगोलीच्या दृष्टीने हा महिना चुकीचा आहे, आणि त्याची किंमत पुढची अनेक वर्षे मोजावी लागू शकते.

आज हातात असलेले आकडे कोणते?

परभणीचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. तालुके पाचच. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार ३४५ भरली; सिंधुदुर्ग आणि गडचिरोली सोडले तर राज्यात एवढा लहान जिल्हा दुसरा नव्हता. (हिंगोली लोकसभा मतदारसंघाच्या आकड्यांशी याची गल्लत होते. त्या मतदारसंघात उमरखेड, किनवट आणि हदगावही आहेत.) शहरी भागात राहणारे जेमतेम १५ टक्के. अनुसूचित जाती सुमारे साडेपंधरा टक्के, अनुसूचित जमाती साडेनऊ टक्के, त्यात आंध समाज मोठा. हजार पुरुषांमागे ९४२ स्त्रिया. साक्षरता ७८ टक्के दिसते खरी, पण स्त्रियांपुरते पाहिले तर साधारण तिघींमागे एक निरक्षर. २०१२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात हिंगोली सर्वात खालच्या गटात होती. रोजगार हमीचा केंद्रीय कायदा फेब्रुवारी २००६ मध्ये लागू झाला, तेव्हा पहिल्याच टप्प्यात राज्यातल्या ज्या १२ जिल्ह्यांना घेतले त्यातही ती होती. मागासांच्या यादीत हिंगोलीचा नंबर नेहमी लवकर लागतो.

यातला लोकसंख्येचा प्रत्येक आकडा २०११ चा आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. दरम्यान औंढा नागनाथ आणि सेनगावला नगरपंचायती आल्या, २०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, औंढ्याजवळच्या लायगो वेधशाळेला केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले. अवकाशातले सूक्ष्म कंप मोजणारी यंत्रे जिथे येणार, तिथे राहणाऱ्या माणसांचा आकडा मात्र दीड दशकापूर्वीचा.

अंदाज बांधायचा तर असा बांधता येईल. २००१ ते २०११ या काळात जिल्ह्याची लोकसंख्या ९ लाख ८७ हजारांवरून सुमारे १९ टक्क्यांनी वाढली. तो वेग निम्म्यावर आला असे धरले तरी २०२७ पर्यंत ती साडेतेरा लाखांच्या पुढे जाते. हे जास्तीचे पावणेदोन लाख लोक आज कुठल्याही सरकारी भागाकारात नाहीत. ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा सपाट भागाचा निकष लावला, तर ग्रामीण वाढीपुरतीच पाच केंद्रे होतात.

कुलूप असलेले घर कसे मोजतात?

जनगणनेत दोन फेऱ्या असतात. आधी घरयादी : घर कसले, खोल्या किती, पाणी कुठून, शौचालय आहे का. मग प्रत्यक्ष शिरगणती. २०११ मध्ये शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या २० दिवसांत झाली. नियम असा होता की या काळात माणूस थोडे दिवस जरी आपल्या राहत्या घरी असेल, तर त्याची नोंद तिथे. सगळे २० दिवस बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. २८ तारखेच्या रात्री बेघरांची वेगळी मोजणी.

नोकरदारासाठी हा नियम चोख आहे. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यासाठी तो गावाचा हिशेबच बदलतो. दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन मुकादमाच्या गाडीत बसलेली माणसे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. फेब्रुवारीत मध्ये कुणी घरी येत नाही. आले तर उचल फिटणार कशी? म्हणजे घरयादी उन्हाळ्यात झाली तर त्या घरात सहा माणसे आणि शिरगणतीला दोन म्हातारी. उरलेली चार कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर, पालाच्या कोपीत, प्रगणक तिथपर्यंत पोहोचला तर.

फेब्रुवारी निवडण्यामागे तर्क आहे. हवा बरी असते, पावसाची अडचण नाही, लोक घरी सापडतात असा समज. १८८१ पासून हा रिवाज साधारण असाच चालत आला आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीची एवढी मोठी वाट तेव्हा पडलेली नव्हती.

राज्याची बेरीज तर चुकत नाही, मग बिघडते काय?

ज्याच्या गावाच्या वाट्याचे जाते, त्याचे बिघडते. अन्नसुरक्षा कायद्याचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या ७६.३२ टक्के आणि शहरी भागातल्या ४५.३४ टक्के लोकांना स्वस्त धान्य, अशी मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवर बांधली गेली. राज्यासाठी ती सुमारे ७ कोटी. तिच्यातूनच जिल्ह्यांचे इष्टांक ठरतात. म्हणून तर नवी सून घरात आली, मूल झाले, तरी शिधापत्रिकेवर नाव चढवताना ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर मिळते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’मुळे फडावर धान्य उचलता येते, ही चांगली सोय. पण ज्याचे नाव पत्रिकेवरच नाही त्याला तिचा उपयोग नाही.

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीत अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही जनगणनेच्या आकड्यांवर ठरतात. आंध वस्तीतली तरणी माणसे फेब्रुवारीत बाहेर असतील तर त्या गणाचा टक्का घसरतो.

यंदा आणखी एक पेच आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची गणना होणार आहे. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत येतो, म्हणून स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांत त्याचा वेगळा आकडा निघालेला नाही. कर्नाटकात हाच समाज अनुसूचित जातींच्या यादीत आहे, आणि जनगणनेत यादी लागते ती जिथे मोजणी झाली त्या राज्याची. सेनगावचा माणूस फेब्रुवारीत बेळगावच्या फडात मोजला गेला तर तो हिंगोलीतून तर वजा होईलच, तिकडच्या अनुसूचित जातींत जमाही होईल. आपल्या समाजाची संख्या कळावी म्हणून जे जातगणनेची वाट पाहत होते, त्यांच्या तांड्याचा आकडा असा दोन राज्यांत फुटेल.

मग करायचे काय?

जनगणनेची तारीख एका जिल्ह्यासाठी हलणार नाही, आणि तशी मागणी करण्यात अर्थही नाही. स्वयंगणनेचा पर्याय आहे. पण फोनवरून माहिती भरली तरी माणूस कुठे मोजायचा हा नियम तोच राहिला तर उपयोग मर्यादित. नियमातच हंगामी स्थलांतरितांसाठी एक रकाना हवा : परतण्याचे गाव. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्येच वर्षातला एक ते सहा महिन्यांचा काळ कामासाठी बाहेर राहणाऱ्यांना वेगळे ओळखले होते. ऊसतोड जवळपास त्याच मापात बसते. तेव्हा ही कल्पना सरकारी यंत्रणेला नवी नाही.

दुसरे काम जिल्ह्यातच होण्यासारखे आहे. कुठल्या घरातून कोण गेले, किती मुले सोबत नेली, हे गावात आशाताईंना, अंगणवाडी सेविकेला आणि शाळेच्या गुरुजींना पाठ असते. मुले फडावर जाताना शिक्षण हमी कार्ड गुरुजीच देतात, मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहाची यादीही तेच करतात. बहुतेकदा प्रगणकही तेच असतात. ग्रामसभेसमोर वाचून पक्की केलेली अशी गावनिहाय यादी जिल्हा प्रशासनाकडे असेल, तर जनगणनेचा आकडा आला की दोन्ही शेजारी ठेवून इष्टांक, उपकेंद्रे, अंगणवाड्या यांची मागणी करता येईल. मात्र दिवाळीनंतर गाड्या भरल्या की ती करता येणार नाही. २०२६ च्या दिवाळीआधीच ती तयार व्हायला हवी.